'झालं'कडून 'केलं'कडे : पहिल्या कन्फेशनची तयारी

माझं मोठेपणीचं पहिलं खरं कन्फेशन, म्हणजे जाळीआड बसलेल्या फादरांसमोर (धर्मगुरूंसमोर) केलेली पापांची कबुली, एका प्रश्नाशी येऊन अडलं होतं. मी सांगत होते, "ऑफिसात एकदा गैरसमज झाला आणि त्याचा त्रास एका सहकारी बाईंना झाला." जाळीपलीकडे थोडा वेळ काहीच हालचाल नाही. मग फादरांनी हळू आवाजात विचारलं, "गैरसमज झाला, की तुम्ही होऊ दिला?"

खरी गोष्ट अशी होती. हिशोबातला एक आकडा मी चुकवला होता. वरिष्ठांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, "तो कागद त्यांच्या टेबलावरून आलाय." वाक्य शब्दशः खरं होतं. कागद त्यांच्याच टेबलावरून आला होता. आकडा मात्र माझ्या टेबलावर बिघडला होता. त्यांना बोलणी बसली, पुढे ते काम त्यांच्याकडून काढून घेतलं, आणि मी गप्प राहिले. वर्षभर मी स्वतःशी त्या प्रकाराला 'गैरसमज' म्हणत आले होते.

"मी होऊ दिला," एवढं म्हणायला मला बराच वेळ लागला. पुढचं सगळं भराभर आलं.

चर्चमध्ये नव्याने येणाऱ्या किंवा कित्येक वर्षांनी परतणाऱ्या प्रौढांच्या तयारीला मी आता मदत करते. आत जाऊन नक्की काय बोलायचं, हा प्रश्न बहुतेकांना असतोच. त्याचं उत्तर पुढे आहे. पण त्याआधी आपल्या भाषेतल्या एका सवयीकडे बघायला हवं. मराठीत राग 'येतो', शब्द तोंडून 'निघून जातो', हात 'उठतो', पैसे 'खर्च होतात', सांगायचं 'राहून जातं'. यात भाषेची चूक नाही. कितीतरी गोष्टी खरोखरच आपोआप होतात. पण त्यांच्या आडोशाला आपण केलेल्या गोष्टीही जाऊन बसतात. बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात आदाम हेच करतो: तू दिलेल्या स्त्रीने मला फळ दिलं, म्हणून मी खाल्लं. हव्वा सापाकडे बोट दाखवते. उलट दावीद राजाचं बघा. आपला सैनिक उरीया याची बायको नेली, उरीयाला युद्धात मरायला पाठवलं, आणि राजा निवांत होता. नाथान संदेष्ट्याने त्याला गरिबाचं एकुलतं कोकरू हिसकावणाऱ्या श्रीमंताची गोष्ट सांगितली. दावीद त्या श्रीमंतावर भडकला, तेव्हा नाथान म्हणाला, तो मनुष्य तूच. त्यावर दावीदाने दिलेलं उत्तर एका वाक्याचं आहे: मी परमेश्वराविरुद्ध पाप केलं आहे. त्या वाक्यात सबब नाही.

तयारी म्हणजे आपलं वाक्य तिथपर्यंत नेणं.

आधी आपली जागा ओळखा

तुमचा बाप्तिस्मा अजून व्हायचा असेल, तर कन्फेशनची घाई नाही. बाप्तिस्म्यातच आधीच्या सगळ्या पापांची क्षमा होते आणि प्रायश्चित्त संस्कार, म्हणजे हेच कन्फेशन, बाप्तिस्मा झालेल्यांसाठी आहे. तोवर फादरांशी मोकळेपणाने बोलता येतं, सल्ला घेता येतो, आशीर्वाद घेता येतो. दुसऱ्या ख्रिस्ती पंथात बाप्तिस्मा होऊन तुम्ही कॅथलिक होत असाल, तर पूर्ण सहभागात येण्याआधी कन्फेशन करायचं असतं. ते कधी, हे तुमची तयारी करून घेणारे सांगतील. लहानपणी बाप्तिस्मा झाला पण नंतर चर्चशी संबंध तुटला, अशांनी फक्त जायचं आहे. किती वर्षं झाली यावर काहीच अडत नाही.

नियम थोडकाच आहे. गंभीर पापाची जाणीव असेल तर वर्षातून निदान एकदा ते कबूल करावं, हा दंडक १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेपासून, म्हणजे बिशपांच्या मोठ्या सभेपासून, चालत आला आहे. आणि गंभीर पाप मनावर असताना, कन्फेशनआधी कम्युनियन, म्हणजे मिस्सेत (चर्चमधल्या मुख्य उपासनेत) मिळणारी पवित्र भाकर, घेऊ नये. लहान पापांची क्षमा प्रार्थनेतून, दयेच्या कृत्यांतून, कम्युनियनमधूनही मिळते. तरी ती सांगण्याची चांगली सवय चर्च मनापासून सुचवतं.

निवड कुठे झाली ते शोधा

इथे थोडं थांबावं लागेल, कारण नवे लोक सर्वात जास्त इथेच गोंधळतात.

एखादी कृती बरी की वाईट, हे कॅथलिक शिकवण तीन ठिकाणी बघते: मी नेमकं काय केलं, कशासाठी केलं आणि कोणत्या परिस्थितीत केलं. हेतू चांगला असला म्हणून वाईट कृती चांगली होत नाही. माझ्या बाबतीत हेतू होता नोकरी सांभाळणं. घर माझ्यावर चालत होतं, तेही खरं. या दोन गोष्टींनी माझा दोष काहीसा कमी झाला असेल, पण दुसऱ्याच्या माथी चूक मारणं हे दुसऱ्याच्या माथी चूक मारणंच राहिलं. उलटही घडतं. कृती चांगली, हेतू पोकळ. लोकांनी बघावं म्हणून केलेलं दान गरिबाच्या पोटात जातं, पण देणाऱ्याच्या आत्म्याला त्याचा उपयोग होत नाही.

पाप गंभीर ठरायला तीन गोष्टी एकत्र लागतात. बाब गंभीर हवी, ती गंभीर आहे याची पूर्ण जाणीव हवी, आणि तरीही मनाने मुद्दाम होकार दिलेला हवा. भीती, जबरदस्ती, जुनी जडलेली सवय, व्यसन, मनाचा आजार यांनी हा होकार कमजोर होऊ शकतो. म्हणून दुसऱ्याच्या पापाचं वजन आपण करू नये, आणि स्वतःचं करतानाही सगळ्यात काळा रंग हाती घेऊ नये.

आता 'झालं' आणि 'केलं' वेगळं करू. राग येणं हे पाप नाही. मोह होणं हे पाप नाही. मनात वाईट विचार येऊन जाणं हेही नाही. तो विचार मी आत बोलावून बसवला, त्याला गोंजारलं, त्याच्यावर पुढची आखणी केली, तिथून 'केलं' सुरू होतं. राग आला, मी चिठ्ठी लिहिली. मधल्या स्वल्पविरामाच्या जागी मी होते. तिथे वेगळं काही करता आलं असतं का, हा प्रश्न स्वतःला विचारा. उत्तर 'हो' असेल, तर ती तुमची निवड.

आणि एक गोष्ट मला ठासून सांगायची आहे. तुमच्यावर कोणी अत्याचार केला असेल, लहानपणी किंवा मोठेपणी, तर ते तुमचं पाप नाही. त्याबद्दल क्षमा मागायला जाऊ नका. तिथे 'झालं' हाच खरा शब्द आहे आणि 'केलं' दुसऱ्या कोणाचं आहे. ते दुःख फादरांना जरूर सांगा. मदत करू शकणाऱ्या जाणकारांना सांगा, कायद्याची दारं ठोठवा. मात्र पापांच्या यादीत ते लिहू नका. मी किती बायका, किती पुरुष बघितले आहेत, जे ही यादी वर्षानुवर्षं उराशी धरून बसले होते.

सद्सद्विवेकबुद्धीबद्दलही दोन शब्द. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये तिला माणसाच्या अंतरातला गाभारा म्हटलं, जिथे तो देवापाशी एकटा असतो. तिचा निःसंशय आवाज मोडून वागू नये, हे चर्च आजही शिकवतं. पण गाभाऱ्यातला दिवाही पुसावा लागतो. शुभवर्तमान (बायबलमधली येशूच्या जीवनाची कथा) वाचणं, चर्चची शिकवण समजून घेणं, आपल्यापेक्षा शहाण्या माणसाला विचारणं हे करत राहिलो नाही, तर आपल्या सोयीचा आवाजच विवेकाचा आवाज वाटू लागतो. "माझं मन मला खात नाही" म्हणजे मन स्वच्छ आहे असं नाही. कधी कधी ते झोपलेलं असतं.

आत डोकावणं

आदल्या दिवशी अर्धा तास पुरतो. शांत बसा आणि पवित्र आत्म्याकडे उजेड मागा, कारण स्वतःच्या अंधारात स्वतःलाच शोधणं कठीण असतं. मग, हे विसरू नका, आधी कृतज्ञतेने बघा: या दिवसांत मला काय मिळालं, कोणी जपलं, देव कुठे भेटला. जेझुइट धर्मसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी शिकवलेल्या रोजच्या आत्मपरीक्षणाची सुरुवात आभार मानण्यानेच होते. ज्याने काय मिळालं हे पाहिलं आहे, त्यालाच काय फेकून दिलं हे दिसतं.

दहा आज्ञा समोर ठेवा. मिस्सेच्या सुरुवातीच्या कबुलीत आपण चार ठिकाणी पाप केल्याचं म्हणतो, तीही उपयोगी पडतात: विचार, शब्द, कृती आणि करायला हवं होतं ते न करणं. शेवटचं बहुतेक यादीतून गळतं. आजारी बापाला न केलेला फोन, बैठकीत खोटं ऐकूनही न उघडलेलं तोंड. माझं मोठं पाप हेच होतं. फसवं एक वाक्य मी बोलले, पण वर्षभर गप्प राहिले, आणि ते गप्प राहणं मी रोज नव्याने निवडत होते.

कागदावर लिहायचं तर लिहा, नंतर फाडून टाका. लिहिताना प्रत्येक ओळ 'मी' पासून सुरू करा आणि क्रियापद स्वतःकडे घ्या. "घरात भांडणं होतात" याऐवजी "मी बायकोला मुलांसमोर घालूनपाडून बोललो." "व्यवहारात थोडं इकडेतिकडे झालं" याऐवजी "मी भावाच्या वाट्याचे पैसे त्याला न सांगता वापरले." गंभीर पापांच्या बाबतीत प्रकार आणि साधारण किती वेळा, एवढं सांगावं लागतं. नेमका आकडा आठवत नसेल तर 'बऱ्याचदा', 'आठवड्यातून एकदा तरी' चालतं. रंगवून सांगायची गरज नाही. दुसऱ्यांची नावं सांगू नका, त्यांची पापं तर नकोच. सासूबाईंचं कन्फेशन सुनेने करायचं नसतं.

पश्चात्ताप, आणि तिकडे धावत येणारा बाप

रडू आलं नाही म्हणून पश्चात्ताप खोटा ठरत नाही. पश्चात्ताप ही भावना नाही, ते वळणं आहे. केलेल्याची मनापासून चीड, ते न करण्याचा निश्चय, आणि देवाकडे तोंड. देवावरच्या प्रेमापोटी दुःख झालं, तर तो परिपूर्ण पश्चात्ताप. शिक्षेच्या भीतीने किंवा पापाच्या कुरूपतेची शिसारी येऊन झालं, तर तो अपुरा. पण अपुराही चालतो, तो घेऊन कन्फेशनला या, असं चर्च सांगतं, हे ऐकून किती जणांचे खांदे सैल होतात! इथे देव नापास करत नाही. जेवढं आहे तेवढं घेऊन बोलावतो.

निश्चयाबद्दलही अशीच भीती असते. "फादर, मी पुन्हा पडणार हे मला माहीत आहे, मग मी खोटं बोलतोय का?" नाही. पडण्याची भीती वेगळी, पडण्याचं ठरवणं वेगळं. निश्चय खरा असल्याची एक साधी खूण आहे: ज्या वाटेने मी तिथे जातो ती वाट मी बदलायला तयार आहे का? तो फोन नंबर, ती बैठक, रात्री उशिरापर्यंतचा तो स्क्रीन. तेवढं सोडायला मन तयार असेल, तर निश्चय आहे.

आता लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातल्या, वाट्याचे पैसे उधळून बापाकडे परतणाऱ्या त्या मुलाकडे या. त्याने वाटेत भाषण तयार केलं होतं. बाबा, मी स्वर्गाविरुद्ध आणि तुमच्यासमोर पाप केलं आहे, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला मी लायक नाही, मला आपल्या चाकरांतला एक समजून ठेवा. तीन भाग. पण घरी पोचल्यावर काय झालं ते बारकाईने वाचा. पहिले दोन भाग तो बोलतो. तिसरा बोलायची वेळच येत नाही. बापाने नोकरांना झगा आणायला सांगितलेलं असतं. "मी पाप केलं" एवढं बापाने ऐकून घेतलं. "मला चाकर ठेवा" हे ऐकून घेतलं नाही.

आपल्या मराठी बायबलात तिथे शब्द आहे 'कळवळा'. तो दूर आहे तोच बापाने त्याला पाहिलं आणि त्याला कळवळा आला. ग्रीकमधलं मूळ क्रियापद आतड्यांसाठीच्या शब्दावरून आलेलं आहे. आपण नाही का म्हणत, आतडं तुटलं? पोटात कालवलं? शुभवर्तमानकाराने तेच लिहिलं. आणि दावीदाच्या पश्चात्तापाच्या एकावन्नाव्या स्तोत्रात, पहिल्याच ओळीत, दयेसाठी आलेल्या दोन हिब्रू शब्दांतला एक, 'रहमीम', गर्भाशयासाठीच्या शब्दाशी नातं सांगतो. एकीकडे आतडं, एकीकडे आईची कूस. बायबलमधली दया न्यायाधीशाच्या खुर्चीवरून खाली सोडलेली सवलत नाही. ती शरीरातून येते.

म्हणून क्रम लक्षात ठेवा. आपण पश्चात्ताप करतो म्हणून देव दया करायला लागतो असं नाही. त्याची दया आधी निघालेली असते, ती वाटेत आपल्याला गाठते. जक्कय नावाच्या जकातदाराच्या घरी येशू जातो, आणि त्यानंतर जक्कय उभा राहून म्हणतो की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि कोणाचं लुबाडलं असेल तर चौपट परत करतो. आधी घर, मग हिशोब. पोलंडमधल्या सिस्टर फौस्टिना कोवाल्स्का (१९०५–१९३८) यांच्यामुळे जगभर पोचलेल्या दैवी दयेच्या चित्राखाली एवढंच लिहिलेलं असतं: येशू, माझा तुझ्यावर भरवसा आहे. ३० एप्रिल २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना संतपद दिलं, आणि ईस्टरनंतरचा पहिला रविवार आता दैवी दयेचा रविवार म्हणून पाळला जातो. मन फारच जड असेल तर तयारीच्या वेळी त्या चित्रासमोर बसा. लाल आणि फिकट, दोन किरणं चित्रातल्या येशूच्या छातीतून निघतात: रक्त आणि पाणी.

जाळीसमोर

चर्चच्या दारावरच्या पाटीवर किंवा पत्रकात कन्फेशनच्या वेळा असतात. गर्दी नको असेल तर फादरांना फोन करून वेळ मागा. ते नाही म्हणत नाहीत. मात्र कन्फेशन फोनवर किंवा संदेशातून होत नाही, समोरच जावं लागतं. जाळीआडून बोलायचं की समोरासमोर, हे तुम्ही ठरवा. पहिल्यांदा मला जाळी बरी वाटली होती. गुडघ्याखालची लाकडी फळी, मधल्या जाळीची बारीक भोकं, पलीकडे कानाशी धरलेला हात, बस्स, एवढंच दिसत होतं.

क्रॉसची खूण करा. फादर स्वागताचं काहीतरी बोलतील, कदाचित बायबलमधलं एखादं वचन वाचतील. मग म्हणा: "फादर, मला आशीर्वाद द्या, मी पाप केलं आहे. माझं शेवटचं कन्फेशन अमुक वर्षांपूर्वी झालं," किंवा "हे माझं पहिलं कन्फेशन आहे." हे दुसरं वाक्य जरूर बोला, म्हणजे ते सावकाश घेतील. मग सांगायला लागा. सगळ्यात जड गोष्ट आधी सांगा. शेवटी सांगू म्हणून ठेवलेली गोष्ट हमखास घशात राहते. घाबरून सगळं विसरलात तर "फादर, मला पुढे कसं सांगायचं ते कळत नाही" एवढं म्हणा. ते विचारत विचारत नेतील.

एखादं गंभीर पाप नंतर आठवलं, तर चिंता नको. त्याचीही क्षमा झाली आहे, पुढच्या खेपेला सांगून टाका. पण आठवत असताना लाजेपायी मुद्दाम लपवलं, तर कन्फेशन पोकळ होतं, मग ते सगळं पुन्हा करावं लागतं. लाज वाटणारच. फादर कधीच कोणाला सांगणार नाहीत. कन्फेशनच्या गुप्ततेची मोहोर चर्चच्या कायद्याने अभंग आहे. ती थेट मोडणाऱ्या धर्मगुरूवर आपोआप बहिष्काराची शिक्षा बसते. जीव वाचवायलाही तो ते बोलू शकत नाही.

कधी फादर थकलेले असतात, कधी एखादा शब्द टोचतो. मलाही एका ठिकाणी फटकन उत्तर मिळालं होतं, आणि मी सहा महिने फिरकले नव्हते. ते सहा महिने वाया गेले, असं आज वाटतं. फादर बदलता येतात, पण जवळ धर्मगुरू धीराचा असला तर तिथेच जात राहावं, वैद्य बदलत बसू नये.

ऐकून झाल्यावर ते थोडा उपदेश करतील, प्रायश्चित्त सांगतील आणि तुम्हाला पश्चात्तापाची प्रार्थना म्हणायला सांगतील. पाठ नसेल तर ही छोटी पुरते: प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर. मग ते तुमच्यावर हात धरतील आणि क्षमेचं सूत्र म्हणतील. त्यातले कळीचे शब्द, "मी तुला तुझ्या पापांतून मुक्त करतो, पित्याच्या आणि पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने," कान देऊन ऐका. आपण 'मी केलं' म्हणून आत गेलो, आणि समोरून उत्तरही 'मी'नेच सुरू होतं. तो 'मी' त्या फादरांचा खाजगी नसतो. पुनरुत्थानाच्या संध्याकाळी बंद दारांआड येशूने शिष्यांवर श्वास फुंकला आणि म्हणाला, ज्यांच्या पापांची तुम्ही क्षमा कराल त्यांना क्षमा मिळेल. तिथून तो आलेला असतो. "आमेन" म्हणा.

पुन्हा तेच, आणि उगाच तेच

तेच पाप घेऊन दहाव्यांदा जायची पाळी आली, तर जा. आजार जुना असला की औषध थांबवत नाहीत. शिष्य पेत्राने येशूला ओळखत असल्याचं तीनदा नाकारलं ते कोळशाच्या विस्तवाशी उभं राहून. मेलेल्यांतून उठलेल्या येशूने त्याला "तू माझ्यावर प्रीती करतोस काय?" असं तीनदा विचारलं, त्या सकाळी किनाऱ्यावरही कोळशाचा विस्तव होता. योहानाने दोन्हीकडे तोच शब्द वापरला आहे. प्रभू त्याला नेमक्या पडल्या जागी घेऊन गेला आणि तिथे त्याच्या हातात आपल्या अनुयायांचा कळप दिला.

याच्या उलट टोकाचाही त्रास असतो: क्षमा मिळाल्यावरही तेच तेच उकरणं, "नीट सांगितलं ना? सगळं सांगितलं ना?" इग्नेशियस लोयोला यांनी १५२२ मध्ये स्पेनमधल्या मोन्सेरात इथे तीन दिवस घेऊन, लिहून आणलेलं आयुष्यभराचं कन्फेशन केलं. तरी पुढे जवळच्या मान्रेसा गावात या शंकांनी त्यांना जगणं नकोसं झालं होतं. असं होत असेल तर एकच फादर धरा आणि ते "पुरे" म्हणाले की पुरे माना. झोप उडाली असेल, हातपाय गळाले असतील, तर मनाच्या डॉक्टरांकडेही जा. त्यात श्रद्धा कमी पडत नाही.

सगळ्यात लांब चालणारी पायरी

फादरांनी सांगितलेलं प्रायश्चित्त, एखादी प्रार्थना, एखादं स्तोत्र, एखादं सेवेचं काम, शक्य असेल तर चर्चमधून निघण्याआधीच करा. पण भरपाई बाहेर करावी लागते. चोरलेलं परत द्यायचं. ज्याचं त्याला पोचवणं अशक्य असेल तर गरिबांना द्यायचं. ज्यांच्यासमोर खोटं बोललो त्यांच्यासमोर खरं बोलायचं. यात उतावळेपणाही नको. स्वतःचं मन हलकं करायला दुसऱ्याच्या संसारावर ओझं टाकणं ही भरपाई नव्हे, म्हणून गुंतागुंतीच्या गोष्टीत आधी फादरांना विचारा.

मला त्यांनी तीन स्तोत्रं सांगितली होती आणि वर विचारलं होतं, "त्या बाईंचं काय?" मला उत्तर देता आलं नव्हतं. घरी जाऊन मी वरिष्ठांच्या नावे पत्र लिहायला घेतलं, प्रत त्या बाईंना. पहिल्या मसुद्यात लिहिलं, "त्या वेळच्या हिशोबात माझ्याकडून एक चूक झाली होती." वाचून पाहिलं. 'माझ्याकडून' खोडलं, 'झाली होती' खोडलं. मग लिहिलं, "तो आकडा मी चुकवला होता, आणि दोष त्यांच्यावर जाऊ दिला." खाली सही केली आणि पाकीट बंद केलं.